मामंजींच्या मापाची गाडी

रसायनीच्या आमच्या वसाहतीत तेव्हा मोजून दोन गाड्या होत्या. मोठी मॅनेजरसाहेबांची आणि छोटी डॉक्टरीणबाईंची. दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. संध्याकाळी रस्त्यातल्या मोरीच्या कठड्यावर बसून पुरुषमंडळी या दोन गाड्यांवरून हमरीतुमरीवर यायची. मोठीच्या डिकीत भाताच्या दोन गोणी सहज जातात, ती घाटात दमत नाही. छोटी पेट्रोल कमी पिते, गल्लीत वळते, स्टिअरिंग हलकं. वाद घालणाऱ्यांपैकी एकाकडेही सायकलपलीकडे काही नव्हतं.

माझे यजमान त्या कठड्यावरचे पुढारी. त्या काळी गाडीसाठी नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. यांनी शहाणपणा करून दोन्ही कंपन्यांत नाव घालून ठेवलं होतं. तेव्हा धाकटा माझ्या पोटात होता. तो तिसरीत गेला तरी आम्ही आपले एसटीच्या थांब्यावर उभे.

गाडीची खरी गरज माझ्या सासऱ्यांना होती. ते खालापूरकडच्या गावी एकटेच राहायचे आणि सासूबाई गेल्यापासून हाताने भात शिजवून खायचे. तरुणपणी बैलगाडीखाली सापडून त्यांचा उजवा गुडघा कायमचा ताठ झाला होता. एसटीची पायरी चढवत नसे, आणि चढवलंच तर दोन बाकांच्या मध्ये पाय मावत नसे. टेंपोचं नाव काढलं की म्हणायचे, "गोनीवानी पडून नाय येनार. येईन तं पोराच्या गाडीतनं, बसून." पण यायचं त्यांना फार होतं. गेलं की पहिला प्रश्न तोच, "नंबर कुठवर आलाय रं?"

यांनी युक्ती काढली. मागच्या सीटवर एका दाराला पाठ टेकायची आणि पाय आडवा पसरायचा. मामंजींना ओटीवर भिंतीला टेकून बसवलं, पाठीपासून टाचेपर्यंत माप घेतलं आणि तेवढी बांबूची काठी तोडली. मॅनेजरसाहेबांच्या गाडीत ती यांनी स्वतः घालून बघितली. मावली, वर चार बोटं जागा उरली. छोट्या गाडीचं माप मात्र माझ्यावर आलं, कारण त्या आठवड्यात यांची कारखान्यात दुसरी पाळी होती.

मी शिकवायची ती शाळा सुटल्यावर काठी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. सीटवर आडवी धरली. काठी चार बोटं लांब होत होती. मग मी ती तिरकी केली, एक टोक सीटच्या कोपऱ्यात आणि दुसरं वर काचेशी. बसली. घरी येऊन सांगितलं, "मावते."

का सांगितलं असं? दमले होते मी. वर्गात साठ पोरं, घरात दोन, आणि रविवार उजाडला की सासरचा गोतावळा दारात. मोठी गाडी घेतली असती तर ती सगळ्या भावकीची एसटी झाली असती आणि कंडक्टर मी. छोटीत आम्ही चौघं बसलो की संपलं. मामंजींचा मला राग नव्हता. पण त्यांचं आंघोळीचं पाणी, भाकरी, उठवणं-बसवणं कोणाच्या वाट्याला येणार होतं, तेही मनात होतंच. आता लपवून काय करू?

पुढे दोन्ही कंपन्यांची पत्रं एकाच महिन्यात आली. यांचा जीव मोठीवर, पण छोटी स्वस्त पडत होती. घेण्याआधी यांनी मला पुन्हा विचारलं, "छोटीत बाबा नक्की मावतील ना?" मी पोळ्या लाटत होते. मान वर न करता म्हटलं, "मावतील." छोटी आली. मोठीचा नंबर यांनी सोडून दिला.

आणायला गेलो त्या दिवशी मामंजी धुवट धोतर नेसून, टोपी घालून सकाळपासून ओटीवर तयार होते. त्यांची ट्रंक डिकीत गेली. गाव गोळा झालं. मामंजींनी आत शिरून पाठ टेकली, पाय ओढून घेतला, तरी टाच दाराबाहेरच. सरकून बघितलं, कुशीवर होऊन बघितलं. दार काही लागेना.

"काच खाली करा नि पाय भाईर काडा," एक शेजारी म्हणाला.

"जित्तेपनी पाय भाईर काडून गावातनं जाऊ? तिरडीवं बी नीट बांदून नेतात." सगळे हसले. हे घामाघूम झाले होते. "माप तर घेतलं होतं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मामंजींनी खाली उतरून ओटीच्या कोपऱ्यातली ती काठी मागवली; माप झाल्यावर यांनी ती त्यांनाच टेकायला आणून दिली होती. वाकून सीटवर आडवी धरली. चार बोटं जास्त झाली. मग हळूच तिरकी केली. काठी बसली. त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. आता सगळ्यांसमोर बोलतील, असं वाटलं.

हे पुढे येऊन डोकावायच्या आत त्यांनी काठी बाहेर काढली. "काठी मावते रं," ते म्हणाले. "माप देताना मीच हललो असंन. म्हाताऱ्याची चूक." आणि डिकीतली ट्रंक परत आत न्यायला सांगितली.

ते आमच्याकडे राहायला कधीच आले नाहीत. पुढची सात वर्षं दर रविवारी मीच त्या गाडीतून गेले, हे चालवायला आणि मी मागे, भाकऱ्या आणि धुतलेले कपडे घेऊन. माफी मागायचं दर वेळी ठरवायची आणि दर वेळी राहून जायचं. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. निघताना तीच काठी टेकत गाडीपर्यंत यायचे आणि मी मागे बसले की दार स्वतः लावायचे. लावण्याआधी खाली वाकून बघायचे आणि म्हणायचे, "पाय आत घे गं, पोरी."