डॉक्टरांनी त्याला विचारलं, उत्तर मी दिलं

आमच्या खानदानात पहिला ग्रॅज्युएट मी. त्यामुळे तहसील असो की दवाखाना, घरच्यांच्या वतीनं बोलायचं मीच. करोनाच्या दुसऱ्या वर्षी तेच नडलं.

धाकटा भाऊ पुण्याहून कुंभार पिंपळगावला आल्ता, घरून काम करायला. ताप, खोकला, उलट्या, मग दम. टेस्ट निगेटिव्ह. दुसरीही निगेटिव्ह. गल्लीतला जो तो डॉक्टर झालेला: "टेस्ट चुकती हो, करोनाच हाय!" मीही तेच म्हणत होतो, फक्त शुद्ध भाषेत.

जालन्याला नेलं तेव्हा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांवर डाग. तिसरी टेस्टही निगेटिव्ह आल्यावर डॉक्टर मॅडमनी भावाला विचारलं, "सिगारेट वगैरे ओढता?"

त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "बिलकुल न्हाई मॅडम. आमच्या घरात सुपारीचं खांडसुद्धा चालत न्हाई."

शेजारी बसलेल्या आबांची, आमच्या वडलांची, मान ताठ झाली. भावाची खाली गेली. दाराशी उभ्या असलेल्या भावजयीनं हातातली पिशवी पदराआड घेतली. बापासमोर तो कबूल करणार नाही, सासऱ्यासमोर ती बोलणार नाही, एवढं कळायला काय पदवी लागते? मला कळलं नाही.

"सगळे बाहेर व्हा," मॅडम म्हणाल्या.

"मी पण?"

"तुम्ही आधी."

असा राग आला! बाहेर आबा पाणी प्यायला गेले तशी भावजयीनं पिशवीतून पेनासारखी नळी काढून दाखवली. वेप, म्हणजे बॅटरीवरची सिगारेट. घरी ती रोज चार्जिंगला दिसायची. ऑफिसचं काहीतरी असेल म्हणून एकदा तर मीच पिन नीट बसवली होती.

"दिवसभर ओढत होते. खोकला लागला तरी. आन् भाऊजी, मॅडमनी त्यांना विचारल्तं, तुम्हाला न्हाई."

नळी घेऊन आत गेलो. भावानं तोवर सांगून टाकलं होतं.

"स्कॅनवर वेपनं झालेली इजा आणि करोना सारखंच दिसतं," मॅडम वैतागून म्हणाल्या. "तुम्ही सांगितल्याशिवाय आम्ही ओळखायचं कसं?"

नळी बंद, स्टेरॉइड सुरू. नवव्या दिवशी भाऊ घरी आला.

आबा गावात अजूनही करोनाच होता म्हणून सांगतात. सांगून सांगून मी थकलो.

परवा आबांच्या खोकल्यासाठी त्याच मॅडमकडं गेलो. "आजोबा, तंबाखू खाता?" त्यांनी विचारलं.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी उठून बाहेर गेलो.