होल्डवरचं पान

भुताच्या कादंबऱ्यांचा नाद लागला की पुस्तकं किती झाली ते कपाट उघडून कळतं. किस्से किती झाले ते कुणी चहाला आलं तरच कळतं. आलाच आहात, तर ऐका!

मी कुरुळीजवळच्या एका कंपनीत क्वालिटीला, राहायला चिखलीत. खालच्या मजल्यावर बहीण आणि तिची अकरा वर्षांची सई. सई बोलताना अडखळते. वर्गातली पोरं नक्कल करायची, म्हणून तिने मोठ्याने वाचणंच सोडलं होतं. मला तिचा आवाज परत हवा होता, बास. आणि माझ्याकडे होतं काय? भुतं!

*

कंपनीत शंका आलेल्या मालावर आम्ही पिवळं 'होल्ड' स्टिकर लावतो. तपासणी होईपर्यंत तो माल जागचा हलत नाही. तीच स्टिकरं मी फार भयानक पानांवर चिकटवली आणि पुस्तक सईला दिलं. चार दिवसांनी विचारलं, "किती वाचलंस गं?"

"हो... होल्डवाली सगळी झाली. आता बा... बाकीची वाचते."

घ्या!

*

एकदा तिने वहीचा कागद हातात ठेवला. वर लिहिलेलं, 'तपासणी अहवाल'. खाली, 'पान बारावर हडळीचे पाय उलटे. पान नव्वदवर ती चप्पल घालून येते. कशी?' आणि शेवटी लाल पेनने, 'रिजेक्ट'!

तो कागद मी कंपनीत दाखवला. आमच्या साहेबांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "हिला आपल्याकडे कधी पाठवताय?" छाती अशी फुगली म्हणून सांगू राव! दिवसभर ज्याला त्याला दाखवत सुटलो.

*

बहीण मात्र एक दिवस तणतणत वर आली. "दादा, पोरगी एकटी बाथरूमला जात नाही! मला दाराबाहेर उभं करते!"

मागून सई म्हणाली, "मी घा... घाबरत नाही. भूत आलं तर आई त्याला ओ... ओरडेल ना!"

बहिणीला हसू आवरेना. हल्ली तीही वाचते. नुसतं चाळते म्हणते.

*

गल्लीच्या तोंडाशी इम्तियाजभाईंचं गॅरेज आहे. भाईंना मराठी समजतं, वाचता येत नाही, आणि भुताची गोष्ट म्हणजे जीव की प्राण. सई त्यांना रविवारी वाचून दाखवायला लागली. तिथे हसणारं कोण होतं?

"तिने हात लावला आणि दा... दा..."

भाईंचा पाना हवेतच राहिला. पंक्चर काढायला आलेलं गिऱ्हाईक श्वास रोखून उभं.

"दार उघडलं!"

पाना थेट पायावर! पाय चोळत भाई म्हणाले, "बेटा, तू अटकती है ना, वहीं जान निकलती है! अटकना छोड़ना मत!"

आजवर पोरीला सगळ्यांनी 'नीट बोल, सावकाश बोल' एवढंच सांगितलेलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सांगायला लाज कसली?

*

मग शाळेत वाचनाचा तास ठेवला. आवडत्या पुस्तकातलं एक पान वाचायचं, पालकांनीही यायचं. सईने आपणहून नाव दिलं! बहिणीची शिफ्ट होती, म्हणून मी हाफ डे टाकून शेवटच्या बाकावर जाऊन बसलो.

"लि... लि..."

नक्कल करणारा पोरगा फिदीफिदी हसला. सईने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"लिफ्टमध्ये ती एकटीच होती. पण आ... आ..."

पोरं बाकावर पुढे सरकली.

"आरशात दोघी होत्या."

एका मुलीने शेजारणीचा हात धरला. बाईंच्या हातातला खडू तसाच.

"दुसरी हळूच मा... मा... मागे वळली. तिचा चेहरा..."

आणि घंटा झाली! कुणी जागचं उठेना. सईने पान उलटलं, बघितलं आणि पुस्तक मिटलं.

तो नक्कल करणारा पोरगाच ताडकन उभा राहिला. "सई, चेहरा कसा होता? सांग ना गं!"

सईने आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

"पुढचं पान हो... हो... होल्डवर आहे!"