पहिल्या रिळातला रहाट

हे सांगणं मी पस्तीस वर्षं टाळलं. टॉकीजच्या गमती सांगा म्हणून नातवंडं मागे लागली की मी तुटलेल्या रिळांच्या आणि शिट्ट्यांच्या गोष्टी सांगायचो. ही तेवढी वगळायचो.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी धुळ्याच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. तिथे एक मराठी चित्रपट लागला. त्याच्या सुरुवातीला पडदा काळाच राही. चित्र नाही, नुसता विहिरीवरच्या रहाटाचा करकर आवाज, चांगलं अर्धं मिनिट. मग अंधारातून ओला दोर वर येताना दिसे. कॅमेरा दोराबरोबर सावकाश वर सरके, कडेला नावं उमटत, आणि शेवटी दोर ओढणारे हात. तोवर कुठेही कट नाही. पहिला कट झाला की एकदम उन्हातलं अख्खं गाव.

पहिल्या खेळाला मला वाटलं, मशीनचा दिवा गेला. मी दिवा पेटवणाऱ्या कार्बनच्या कांड्यांशी झटापट करत बसलो आणि खाली पब्लिक ओरडायला लागली.

"ऑपरेटर, जागा हो!"

"अरे, पिक्चर लाव, रेडिओ नको!"

दुसऱ्या खेळालाही तेच. मॅनेजर नुसते हसले, मला काही म्हणाले नाहीत. पुढे टॉकीजमधल्या लोकांना मी सांगत आलो की त्यांनीच कापायला लावलं. ते खोटं आहे. माझी चेष्टा होत होती म्हणून मीच कापलं. सांधा दिसू नये म्हणून बरोबर पहिल्या कटपर्यंतचा तुकडा काढला आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवून दिला.

चौथ्या दिवशी मॅटिनी सुटल्यावर एक म्हातारे शेतकरी जिना चढून केबिनच्या दारात आले. शिंदखेड्याजवळच्या गावचे. टोपी काढून हातात धरली होती.

"भाऊ, मन्हा पोऱ्यानं नाव उनं नही. रहाटना आवाज बी उना नही."

ज्याचं नाव पडद्यावर आलं नव्हतं तो मुलगा मुंबईत सिनेमाच्या आवाजाचं काम करत होता. शेती सोडून गेला म्हणून बापाचा राग होता. त्याने पत्र धाडलं होतं: सुरुवातीलाच नीट ऐका, तो आपल्या विहिरीचा रहाट आहे, मी टेप करून नेलेला.

"आबा, तुम्ही उशिरा आले असाल."

"मी ते बठ्ठास्ना पहिले बसनू."

सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते ते, आणि डबा माझ्या स्टुलाखालीच होता. मी म्हणालो, "मग नसेल काही. मुंबईची पोरं घरी काय वाट्टेल ते लिहितात."

टोपी घालून ते जिना उतरून गेले.

प्रिंट परत जायच्या आधी तुकडा जोडायला काढला, खिडकीच्या उजेडात धरला. चौकटी सगळ्या काळ्या, पण कडेच्या पट्टीवर आवाजाची नागमोडी रेघ चालली होती. त्यांचा रहाट माझ्या बोटांत होता. जोडून रिकाम्या थिएटरात एकदा चालवला. चित्र का लपवलंय ते तेव्हा कळलं. नुसत्या आवाजावरून विहीर किती खोल आहे, दोर किती जड आहे, सगळं कळत होतं. दोर दिसायच्या आधीच मी काठावर उभा होतो.

पुढच्या उन्हाळ्यात एसटीने त्यांच्या गावी गेलो, विचारत विचारत मळ्यात पोचलो. त्यांनी मला ओळखलं. रहाटाने पाणी काढलं आणि लोटा हातात दिला. तोच आवाज.

"पोऱ्या खोटं बोलना, भाऊ. तुम्ही सांगं म्हणून समजनं. आते बोलनं बंद शे."

माझ्या शब्दावरून त्यांनी पोराला खोटारडा ठरवून बोलणं तोडलं होतं. मी पाणी प्यायलो. कपाशीची चौकशी केली आणि चारची गाडी धरली. दुसऱ्या वर्षी ते गेल्याचं कळलं. मुलाचा पत्ता मी कधी शोधलाच नाही.

लोटा परत देताना ओठांवर वाक्य तयार होतं: आबा, पोरगा खरं बोलला, तुमचा रहाट मी कापला, मला माफ करा.