पाठीशी ठेवलेलं चॉकलेट

बाबासो हमालाचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. वाशीच्या फळबाजारात आंब्याच्या गाड्या लवकर लागतात आणि तळवलीहून तिथं पोचायचं म्हणजे उजाडायची वाट बघून चालत नाही. त्या सोमवारी तो उठला तेव्हा मोरीतला दिवा आधीच चालू होता. त्याची मुलगी वैष्णवी पाठीवरच्या बॅगेतून चमच्यानं काहीतरी खरवडत होती.

"काय गं हे?"

"चॉकलेट होतं, आप्पा. काल गडावर बॅग उघडली तर नुसता चिखल. लोकांनी बोटं चाटली आणि हसले."

वैष्णवी ऐरोलीच्या एका कंपनीत कामाला होती. तिचं मन मात्र डोंगरात. स्नेहल नावाची एक बाई लोकांना ट्रेकला न्यायची. तिनं वैष्णवीला वाटेतल्या खाण्याची जबाबदारी देऊन बघितली होती. ते नीट जमलं, तर मे महिन्यातल्या हिमालयाच्या मोठ्या ट्रेकचं खाणं तिच्याकडे, पगारासकट. आता स्नेहलनं आणखी एक रविवार दिला होता. एकच.

 पहिल्या खेपेची ती बॅग बाबासोनंच भरली होती. मुलगी भरत होती तिला बाजूला करून भरली होती. जन्म ओझी उचलण्यात गेलेला माणूस, त्याला कोण शिकवणार? नाजूक माल पाठीशी घ्यायचा, दणकट माल बाहेरच्या अंगाला. धक्का बसला तर पाठ सोसते, पेटी फुटत नाही. चॉकलेट मोडणारी वस्तू, म्हणून त्यानं ते पाठीशी लावलं होतं. एकही वडी मोडली नव्हती. सगळ्या वितळल्या होत्या.

"गाडीत तापलं असंल," तो म्हणाला.

"गाडी पहाटेची होती."

"मग दुकानदारानं शिळं दिलं."

"शिळं झालं म्हणून वितळत नाही, आप्पा."

"उन्हात ठेवलंस कुठं?"

"बॅगेतून काढलंच नाही, तर ऊन कुठून लागणार?"

बाबासोला काही उमगेना. पाठीवर तर गारवाच असतो. घामानं सदरा चिंब होतो. माठाला ओलं गोणपाट गुंडाळतात ते गार राहावं म्हणूनच ना? मग ओल्या पाठीला लागलेली वस्तू वितळेल कशी?

ट्रेक हा प्रकारही त्याला मुळात कळला नव्हता. त्यानं एकदा विचारलं होतं, "वर पोचवायचं काय असतं?"

"काही नाही. तेच सामान परत खाली आणायचं."

"आणि वाराई कोण देतं?" माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीला बाजारात वाराई म्हणतात.

"उलट आपणच पैसे भरतो, आप्पा."

त्यावर त्यानं बरेच दिवस विचार केला आणि सोडून दिला.

गुरुवारी तो तीच बॅग पाठीला लावून बाजारात गेला. आत जुने कपडे भरले आणि पाठीच्या बाजूला चॉकलेटची एक वडी ठेवली. टोळीतला जोतीराम बघतच राहिला.

"काय बाबासो, शाळंत नाव घातलंस काय?"

"चॉकलेट हाय आत."

"हमाली सोडून चॉकलेट वाहायला लागलास? मुकादमाला सांगू का?"

"सांग. अर्धं त्यालाबी देतो."

दिवसभर बॅग गाळ्यात सावलीला राहिली. निघताना त्यानं वडी चाचपली. घट्ट होती. मग बस सोडून तो तळवलीपर्यंत चालत आला. घरी येऊन बॅग उघडली, तर वडीचा लगदा झालेला. जुन्या कपड्यांची घडी उलगडली आणि मधून दुसरी वडी खाली पडली. खणखणीत.

"ही कुणी ठेवली?"

"मी," त्याची बायको शालन म्हणाली. "चहासंगं खाल म्हणून. खाल्ली न्हाई व्हय?"

दुकान एक, बॅग एक, रस्ता एक. तरी एक वडी गेली आणि एक राहिली. बाबासो दोन्ही समोर घेऊन बसला. मग त्यानं सदऱ्याच्या आत हात घालून स्वतःची पाठ चाचपली. वरून ओली होती, पण खाली चांगली तापलेली होती. इतकी वर्षं त्या पाठीवर आंबे वाहिले. आंबा कधी तक्रार करत नाही.

तरी त्याची खात्री पटेना. हमालाची पाठ जास्त तापत असेल. पोरीची तापत नसेल, तिचं दुसरंच काही कारण असेल. शनिवारी त्यानं चॉकलेट कपड्यांच्या घडीत, बॅगेच्या मधोमध ठेवलं. पाठीशी फरसाणाच्या पुड्या आल्या. नाजूक माल पाठीपासून लांब ठेवताना त्याचा हात दोनदा मागं आला. शेवटी त्यानं स्नेहलला फोन लावला.

"ताई, उद्या मीबी येतो. खाण्याची बॅग मीच घेतो."

"या की काका. पण फी सगळ्यांना सारखीच."

तिला ऐकू गेलं नसावं असं त्याला वाटलं. "मी ओझं घेणार हाय, ताई."

"हो काका. सगळेच घेतात."

रविवारी चढणीवर तो पोरांना बजावत होता, पाय पूर्ण टेका, बोलून दम घालवू नका. कुणी फारसं ऐकलं नाही. गडावर वैष्णवीनं बॅग उघडली. बाबासो तोंड फिरवून दरीकडे बघत उभा राहिला. मागं कट्‌ असा आवाज आला. स्नेहलनं वडी मोडली होती.

"बरोबर आहे," स्नेहल खाता खाता म्हणाली. "मे महिन्याचं खाणं तू बघ, वैष्णवी."

वैष्णवीनं एक तुकडा आणून बापाच्या हातावर ठेवला. तो चावून खाल्ला तरी त्याच्या डोक्यातला गुंता सुटला नाही. लोक हसत होते, फोटो काढत होते, आणि तीच ओझी परत पाठीला लावत होते.

संध्याकाळी शालननं विचारलं, "कालची वाराई कुठाय?"

"दिली."

"कुणाला?"

"डोंगरावर ओझं न्यायची."

"म्हंजे तुमाला मिळाली?"

"न्हाई. ओझं मी नेलं, आन् पैसेबी मीच दिले."