रक्तपेढीकडे जाणारा बाण

हॉस्पिटलच्या संगणक विभागात तिला सगळे बाणताई म्हणत. नोंदणीच्या खिडकीपासून शवागारापर्यंत कुठली यंत्रणा कुठून माहिती घेते, याचा नकाशा ती अकरा वर्षं सांभाळत होती, आणि त्या नकाशात चौकोनांपेक्षा बाणच जास्त. एखादा बाण चुकला की ती जेवण अर्धं टाकून उठायची.

मग विभागाच्या साहेबांनी जुना सर्व्हर बंद केला आणि रक्तपेढीचा पडदा सहा तास कोरा राहिला. रक्तगटाच्या नोंदी त्याच सर्व्हरवरून जात होत्या. चार शस्त्रक्रिया थांबल्या. चौकशीत साहेब शांतपणे म्हणाले, "नकाशात तो बाणच नव्हता. नकाशा बाईंचा आहे."

नकाशा उघडला. बाण खरंच नव्हता, आणि कोपऱ्यात नाव तिचंच.

"मी दाखवला होता तो," ती सांगत राहिली. चित्रात जे नाही ते दाखवणार कसं? तिची रवानगी तळघरातल्या भांडारात झाली. मोडक्या यंत्रांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, एवढंच काम. वरचे लोक जिन्यात भेटले की घड्याळ बघायला लागले.

घरी नवरा म्हणाला, "सोड आता. पगार तर तोच आहे ना?"

"त्याला मी सोडणार नाही," ती म्हणाली आणि पोळी लाटत राहिली. पोळी फाटली तरी लाटणं थांबेना. दीड वर्ष तिनं तो राग रोज नव्यानं तापवला. साहेबांचा वाढदिवस, त्यांची बढती, त्यांची नवी गाडी, सगळं तिला तोंडपाठ होतं.

पुढे हॉस्पिटलनं ते महागडं नकाशाचं सॉफ्टवेअर सोडायचं ठरवलं. आतले सगळे नकाशे साध्या मजकुरात बाहेर काढायचे होते: एका ओळीत एक चौकोन, एका ओळीत एक बाण. तो मजकूर वाचून चित्र संगणक आपलं आपण काढतो. काम किचकट, कुणी हात लावेना. बाणताईनं अर्ज केला आणि सहीसाठी स्वतः साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, जुन्या आवृत्त्याही काढू का? बॅकअप भांडारातच आहेत."

"काढा की. तुम्हाला दुसरं काम तरी काय आहे?"

"मग तसं अर्जावर लिहून द्या."

साहेबांनी हसत हसत लिहिलं, खाली सही ठोकली. त्या हसण्याची तिला फार मदत झाली. पाच महिने ती त्या हसण्याच्या जोरावर राबली.

मजकुराचं एक बरं असतं, दोन दिवसांचे कागद शेजारी ठेवले की फरक ओळीगणिक दिसतो. सर्व्हर बंद करण्याच्या आदल्या मंगळवारी ओळ होती: जुना सर्व्हर, बाण, रक्तपेढी, रक्तगट. बुधवारी ती नव्हती. बदलांच्या यादीत बदल करणाऱ्याचं खातंही आलं होतं. साहेबांचं.

ती धावत कुणाकडे गेली नाही. काम पुरं झाल्याचं सादरीकरण व्हायचं होतं, त्याची तिनं वाट पाहिली. हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरबाई समोर, साहेब त्यांच्या शेजारी. तिनं दोन्ही दिवसांचा मजकूर भिंतीवर लावला; पुसलेली ओळ लाल दिसत होती.

"साहेब, डावीकडची लाल ओळ जरा वाचून दाखवता?"

साहेबांनी चष्मा पुसला. "हे तपासून बघावं लागेल."

"मी वाचते," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी ओळ वाचली, मग खात्याचं नाव वाचलं, आणि साहेबांकडे वळल्या. "का?"

बाण दिसला असता तर सर्व्हर बंद करायची परवानगी तीन महिने लांबली असती, आणि बढतीची मुलाखत त्याच महिन्यात होती. साहेबांनी हे सांगितलं, पण इतक्या हळू आवाजात की डॉक्टरबाईंना पुन्हा विचारावं लागलं. दोन्ही वेळा बाणताई त्यांच्या तोंडाकडेच बघत होती.

साहेबांना राजीनामा द्यावा लागला. तिला जुनी जागा परत मिळाली, पण तिनं आठवडाभराची मुदत मागून घेतली. जाणाऱ्या माणसाचं सामान भांडारात जमा होतं, आणि ते घ्यायला तिला स्वतः तिथं असायचं होतं.

साहेब लॅपटॉप घेऊन खाली आले. तिनं झाकण उघडून पाहिलं, ओरखडा फॉर्मवर टिपला.

"चार्जर?"

"वर राहिला असेल. उद्या कुणाबरोबर तरी पाठवतो."

"ज्याच्या नावावर आहे त्यानंच द्यायचा. नियम आहे."

"बाई, एवढं मनात ठेवायचं नसतं."

"चार मजले आहेत," ती म्हणाली. "लिफ्ट बंद आहे."

ते जिना चढू लागले. पावलांचा आवाज वर जाईपर्यंत तिनं ऐकला, मग डबा उघडला. बऱ्याच दिवसांनी तिला सपाटून भूक लागली होती.