माजिदाच्या फियाटच्या वायरी

निजामपुऱ्यातल्या माजिदाची फियाट भिवंडीत बहुतेकांच्या ओळखीची. फिकट निळी, एका दरवाजाला वेगळ्याच निळ्याचा पॅच, आणि मागच्या काचेवर लाल रंगात काढलेला शिकाऊ ‘एल’. त्या गाडीत बसून किती बायका चालवायला शिकल्या, ते माजिदाने कधी मोजलं नाही. शिकवायचे ती काही घेतही नसे. पेट्रोल ज्याचं त्याने भरायचं, एवढंच.

ती स्वतः शिकली ते हट्टाने. नवरा बोटीवर कामाला. तो सुटीवर यायचा तेव्हा गाडी चालायची, तो गेला की महिनोन्‌महिने धूळ खात पडायची. एकदा माजिदाने ती मैदानावर नेली आणि धक्के खात, बंद पाडत, आठवड्याभरात सरळ चालवायला लागली. मोठ्या दिरांनी त्याच संध्याकाळी चावी काढून घेतली.

“घरातल्या बाईने गाडी फिरवायची? लोक काय म्हणतील?”

“लोकांना म्हणायला काहीतरी लागतंच, भाईजान. आता हे म्हणतील,” माजिदा म्हणाली. दुसरी चावी नवऱ्याच्या पेटीत होती. सकाळी ती परत मैदानावर.

पुढे नवरा वारला, दीरही गेले. माजिदा साठीच्या पुढे गेली, आणि आता चावी मागायला तिचा मुलगा उभा राहिला.

अरशदचे कापडाचे लूम होते, दापोड्याला गोडाऊन होतं, घराखालच्या गाळ्यांचं भाडं येत होतं. त्याच्या मुलीचं, जोहाचं, लग्न ठरत आलं होतं. सोयरे मुंब्र्याचे, बड्या घरचे. पहिल्याच भेटीत त्यांच्यातल्या कुणीतरी हसत विचारलं होतं, “तुमच्या अम्मी अजून गोडाऊनमधल्या बायकांना ड्रायव्हिंग शिकवतात म्हणे?” अरशदला ते हसणं झोंबलं.

“अम्मी, शुक्रवारी ते लोक घरी येतायत. त्याच्या आधी हा डबा दारातून जाऊ दे. भंगारवाल्याशी माझं बोलणं झालंय.”

“गाडी तुझी आहे?”

“गाडी तशीही चालत कुठे? झटके मारते, धूर सोडते.”

हे मात्र खरं होतं. गेला महिनाभर गाडी चढावर धापा टाकत होती. माजिदाने एकदा शेडचं शटर ओढून अंधार केला, बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू ठेवून वाकून बघितलं. प्लगच्या वायरींवरून निळ्या ठिणग्या पळत होत्या. रबर उन्हातान्हाने तडकलं होतं, करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर गळत होता. इंजिन धडधाकट होतं. वायरी बदलायच्या, बस.

खालच्या गाळ्यातला यूनुस मिस्त्री आजवर तिची गाडी बघायचा. त्याच्याकडे गेली तर तो नजर चुकवायला लागला.

“अरशदभाईने सांगितलंय, हात लावू नको म्हणून. गाळा त्यांचा आहे, चाची.”

“हात नको लावू. वायरी बनवून दे. त्याला तर मना नाही ना केलं?”

यूनुसने वर गॅलरीकडे बघितलं. मग त्याने रोलमधून वायर कापली, टोकांना टोप्या बसवल्या आणि जुडी कागदात गुंडाळून तिच्या हातात दिली. “एकेक काढायची, एकेक घालायची. सगळ्या एकदम काढू नका. गडबड होईल.”

पण गडबड आधीच झाली होती. गुरुवारी सकाळी माजिदाने बॉनेट उघडलं तर आत एकही वायर नव्हती. चारी प्लग बोडके, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण बोडकं, कॉइलची वायरसुद्धा गायब. वर गॅलरीत अरशद चहा पीत उभा होता.

“तू काढल्यास?”

“भंगारवाला दुपारी येतोय, अम्मी. कशाला उगाच त्रास करून घेता?”

माजिदाने ओढणी खांद्यावरून फिरवून कमरेला खोचली.

त्याच वेळी फाटकातून निशा आत आली. निशा वळ गावची, दापोड्यातल्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला. डिलिव्हरीचा छोटा टेम्पो चालवायला लायसन्सवालं माणूस हवं होतं, आणि ती जागा निशाने मनाशी धरली होती. आज दुपारी तिची लायसन्सची परीक्षा होती, याच गाडीवर. चाची न्यायला आली नाही म्हणून ती रिक्षाने आली होती.

“चाची, गाडी चालू न्हाय का?”

“होईल. बाही वर कर आणि हँडल घे.”

माजिदाने यूनुसला फोन लावला. “हात लावू नको. तोंडाने सांग.”

यूनुसने सांगितलं. ठिणगी पडायचा क्रम एक, तीन, चार, दोन. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबायचा, कुणीतरी पुढून हँडलने इंजिन फिरवायचं. हवा अंगठा जोरात बाहेर ढकलेल तेव्हा थांबायचं. झाकण उघडून बघायचं, आतला फिरता काटा, रोटर, जिकडे तोंड करून असेल ती एक नंबरची जागा. तिथून पुढे क्रमाने.

निशाने गाडीच्या तोंडात हँडल घातलं आणि अंगातलं सगळं बळ लावून फिरवलं. माजिदाचा अंगठा दोनदा नुसताच आत ओढल्यासारखा झाला, मग हवेने तो फट्‌कन उडवला. “थांब.” झाकण उघडलं, एक नंबर सापडला. माजिदाने झाकण बसवलं, प्लग घट्ट केला, नवी वायर एका टोकाला दाबली, दुसऱ्या टोकाला दाबली. एक. तीन. चार. दोन. मग मधली कॉइलची.

तोवर भंगारवाला आला. त्याने टेम्पो फाटकात आडवा लावला, अरशद खाली उतरला, चहाच्या टपरीवरचे दोघे-तिघेही येऊन उभे राहिले. माजिदाने चावी फिरवली.

गाडीने असा बार काढला की टपरीवरची कबुतरं उडाली. मागून काळा धूर आला आणि इंजिन बंद पडलं. कुणीतरी खो खो हसलं.

“बस झालं, अम्मी,” अरशद म्हणाला. त्याचा आवाज मऊ होता, आणि तो मऊपणाच माजिदाला जास्त लागला.

“टेम्पो बाजूला घ्यायला सांग,” ती म्हणाली.

ती परत बॉनेटवर वाकली. बार निघाला म्हणजे ठिणगी पडतेय. फक्त चुकीच्या वेळी पडतेय. रोटर कुठल्या बाजूने फिरतो, हे यूनुसने सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. तिने झाकण काढून निशाला हँडल जरासं फिरवायला लावलं आणि नजर रोखून बघितलं. ती ज्या बाजूने मोजत गेली, रोटर त्याच्या उलट फिरत होता. म्हणजे एक नंबरची बरोबर, तिच्या समोरची चार नंबरचीही बरोबर. तीन आणि दोन तेवढ्या एकमेकींच्या जागी बसल्या होत्या. तिने त्या दोन वायरी अदलाबदल केल्या, झाकण लावलं आणि परत जाऊन बसली.

या वेळी इंजिन एकदा खोकलं आणि लागलं. झटका नाही, धाप नाही. माजिदाने ॲक्सिलरेटर दाबून धरला, अंगण दणाणून सोडलं आणि खिडकीतून तोंड बाहेर काढलं.

“टेम्पो बाजूला घे.”

भंगारवाल्याने अरशदकडे बघितलं. अरशद गाडीकडेच बघत होता. मग भंगारवाल्याने आपणहून टेम्पो मागे घेतला. माजिदा उतरली, फेरा मारून डावीकडे बसली. स्टिअरिंगवर निशा.

“आता?” निशाने विचारलं. “एवढ्या लोकांसमोर?”

“लोकांसमोरच. क्लच सोड.”

त्या दिवशी निशा नापास झाली. रिव्हर्स घेताना मागचा बंपर खांबाला टेकला. येताना ती रडवेली झाली होती, तर माजिदाने तिला पडघ्यापर्यंत चालवायला लावलं, हायवेवरून, ट्रकांच्या मधून. पुढच्या खेपेला ती पास झाली आणि आज दापोड्यात तोच डिलिव्हरीचा टेम्पो चालवते.

शुक्रवारी मुंब्र्याचे पाहुणे आले तेव्हा फियाट दारातच उभी होती. माजिदाने ती मुद्दाम धुऊन ठेवली होती. पाहुण्यांनी बिर्याणी खाल्ली, तारीख ठरवली, गाडीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जाताना फक्त होणारी विहीण चारी बाजूंनी फिरून गाडी बघून आली.

अरशद मात्र महिनाभर आईशी कामापुरतंच बोलला. शेडची जागा त्याला त्याच्या नव्या गाडीला हवी होती; ती माजिदाने देऊन टाकली. आता फियाट गल्लीत, भिंतीला लागून उभी असते. रोज सकाळी माजिदा तिच्यावरचं कापड काढते, आणि शिकायला आलेली बाई लाजून मागे सरली की स्टिअरिंगकडचा दरवाजा उघडून म्हणते, “बस. उजवीकडे बस.”