मला काही नाही त्याचं

अर्लीन कॉडिलने शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं काढली. "आज पिझ्झा आहे का?" एवढाच प्रश्न तिला तिथे कुणी विचारायचं. मुलाखत कशाशी खातात हे तिला कुठून ठाऊक असणार? तरी लेकीची तयारी तिनेच करून घ्यायची ठरवली. शेल्बी सॉफ्टबॉलची पिचर. तिचे चेंडू झेलून झेलून अर्लीनचं एक बोट कायमचं वाकडं झालेलं. आता मोठ्या शहरातल्या कॉलेजच्या कोचबाईंनी मायलेकींना भेटायला बोलावलं होतं. त्यांनी घेतलं तर चार वर्षांचं शिक्षण फुकट, नाहीतर शेल्बीही आईच्याच स्वयंपाकघरात. केंटकीच्या त्या डोंगरात तिसरी वाट कुणी काढून ठेवलेली नाही.

रोज संध्याकाळी बीन्स शिजत टाकून अर्लीन कोच व्हायची. चष्मा नाकावर, आवाज जाडा.

"हरल्यावर काय करतेस?"

"रडते."

"असं सांगायचं नाही गं, बयो!"

"मग खोटं बोलू?"

"कमी रड."

शाळेच्या कोचने, हर्शेलने, बजावलं होतं, "पहिल्या वर्षी खेळवत नाहीत, बाकावर बसवतात. त्याला तयार आहेस का, हे विचारणारच. तिथे अडली की संपलं." म्हणून हा प्रश्न अर्लीनने दहादा घोकून घेतला.

"वर्षभर नुसतं बसावं लागलं तर?"

"मला काही नाही त्याचं."

अर्लीन खूश. डोंगरात याचा अर्थ एकच, बसेन की, आनंदाने बसेन. शेजाऱ्याचं गवत कापायचं असो, म्हाताऱ्याला दवाखान्यात न्यायचं असो, सगळे हेच म्हणतात. याहून गोड होकार त्यांना येतच नाही.

तीन तास गाडी हाकून दोघी पोचल्या. कोच व्हिटकरबाई उत्तरेकडच्या, बोलायला नेटक्या. गप्पा छान चालल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, "पहिलं वर्ष सामने नाहीत, सराव मात्र रोज. चालेल?"

शेल्बीने नजरेला नजर देऊन सांगितलं, "मला काही नाही त्याचं."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी आईकडे पाहिलं. अर्लीनने निदान आता गप्प बसावं की नाही? पण तिचा ऊर भरून आलेला.

"खरंच हो, तिला काही नाही त्याचं. घरीही हेच म्हणते."

"स्पष्ट सांगितलंत, बरं झालं," म्हणत बाईंनी वही मिटली.

परतताना दोघींनी मिल्कशेक घेतला. अर्लीन गाडीत गात होती.

दहा दिवसांनी हर्शेलचा फोन आला. "अर्लीन, बाकावर बसायला शेल्बीने नकार का दिला?"

"कोण म्हणतं? ती तर म्हणाली..." आणि अर्लीनने ते शब्द जसेच्या तसे सांगितले.

हर्शेलच्या लगेच लक्षात आलं. तोही याच डोंगरातला, पण चार वर्षं बाहेर राहिलेला. "अगं, तिकडे त्याचा अर्थ, मला पर्वा नाही, मी असलं काही करणार नाही, असा होतो. त्यांना वाटलं, पोरगी उर्मट आणि आई तिच्यावर ताण."

त्याने कॉलेजला फोन करून सगळं समजावलं. बाई हळहळल्या. जागा मात्र ओहायोच्या एका मुलीला देऊन झाली होती.

शेल्बी रडली नाही. एवढंच म्हणाली, "तूच पाठ करून घेतलंस, मॉम्मा." अर्लीनला वाटलं, त्यापेक्षा हिने एक थोबाडीत मारली असती तर बरं. त्या प्रश्नाला तिने स्वतःही हेच उत्तर दिलं असतं, ही खरी जखम होती.

ऑगस्टपासून शेल्बी शाळेच्या स्वयंपाकघरात लागली. तिने चेंडू हातात धरणं सोडलं आणि डोंगराची बोलीही सोडली. टीव्हीवरच्या बातम्या ऐकून ती एकेक शब्द घासूनपुसून बोलायला लागली, घरातसुद्धा.

"मक्याचा पाव वाढू का गं?"

"हो, कृपया. एकच तुकडा."

अर्लीनने वाढला. शेल्बीने शेवटचा कणही संपवला, ताट उचललं आणि आईला म्हणाली, "आभारी आहे."